तैमू बर मालिकू यास उदक

मृतांना पाणी द्यावे ते ऋण म्हणून. उपकार म्हणून देऊ नये. ऋण फेडणारा मोकळा होतो. उपकार करणारा मात्र नाते जोडून बसतो, आणि त्या नात्याच्या अटी त्याने वाचलेल्या असतातच असे नाही. प्राध्यापक चंद्रशेखर पाध्ये यांनी त्या वाचल्या होत्या. वाचून ते हसले होते. म्हणूनच पुढे जे झाले त्याचा दोष नेमका कोणाच्या पदरी घालावा, हे ठरवणे कठीण जाते.

२००६ सालच्या भाद्रपदात ते सांगलीहून सौदी अरेबियात, अल-उला या गावी मुलाकडे आले. मुलगा वैभव स्थापत्य अभियंता. गावाच्या उत्तरेला, वाळवंटात, मदाइन सालेह नावाचे पुरातन स्थळ आहे. तिथल्या बंद पडलेल्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या डागडुजीचे काम त्याच्या कंपनीकडे होते. सून रूपाली घर सांभाळी आणि दुपारी खिडकीचे पडदे ओढून पुस्तके वाची.

चंद्रशेखर हवापालटासाठी आलेले नव्हते. पाध्ये घराण्यात सात पिढ्यांचे तर्पण करण्याचा रिवाज होता. इतर लोक तीन पिढ्यांवर भागवतात. पाध्ये त्यांना आळशी समजत. ही सात नावे कुठेही लिहून ठेवलेली नव्हती. बापाने मुलाच्या कानी घालायची, मुलाने तोंडात धरायची, असेच ते चालत आले होते. चंद्रशेखरांनी सत्तरी ओलांडली होती, पत्नी मागेच गेली होती, डॉक्टरांनी छातीची तक्रार गंभीर असल्याचे सांगितले होते. आणि वैभवला आजोबांच्या पलीकडचे एकही नाव येत नव्हते. आपल्या माघारी नावे बुडू नयेत, मुलाच्या तोंडी बसवूनच परतावे, एवढ्यासाठी ते समुद्र ओलांडून आले होते.

वैभव म्हणाला, सांगा की, मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवतो. चंद्रशेखर म्हणाले, मी कॅसेट नव्हे. विषय तिथेच थांबला.

तुच्छता हा त्यांचा स्वभाव होता, आणि विद्वत्तेमुळे तो लोकांनी चालवून घेतला होता. त्यांना अल-उला आवडले नाही, तिथले खजूर आवडले नाहीत, वैभवच्या घरातला थंड हवेचा यंत्रघोष आवडला नाही. पण त्यांचा खरा तिटकारा निघाला तो मदाइन सालेहच्या थडग्यांवर. दोन हजार वर्षांपूर्वी नबाती नावाच्या व्यापारी लोकांनी तिथल्या तांबूस खडकांत कोरलेली ही थडगी. दारे महालासारखी, वर पायऱ्यापायऱ्यांचे मुकुट, आणि दाराच्या माथ्यावर शिलालेख. लेखांची भाषा अरमाइक.

ही भाषा त्यांना येत होती. अशोकाचे काही लेख वायव्येकडे अरमाइकमध्ये कोरलेले सापडतात. त्यांच्या अभ्यासासाठी ऐन तारुण्यातली दोन वर्षे त्यांनी या भाषेत घातली होती आणि त्याबद्दल तिला कधीही क्षमा केलेली नव्हती. जेवताना ते सुनेला सांगत, की ही कारकुनांची भाषा. प्राचीन इराकातल्या असुरांच्या राज्यात हिने पावत्या लिहिल्या, पुढे इराणच्या सम्राटांचे खलिते लिहिले. सिंधूपासून नाईलपर्यंत जिथे जिथे कोणी कोणाला कर भरत होता तिथे तिथे ही हजर. हे नबाती तर घरात बोलत एक आणि दगडावर लिहीत दुसरीच, कारण हिच्यात लिहिले म्हणजे कायदेशीर. स्वर लिहायचेसुद्धा कष्ट नाहीत. आणि मरणासारख्या प्रसंगी लिहायचे काय, तर खरेदीखत.

"खरेदीखत कसलं, बाबा?" रूपालीने विचारले होते.

"थडग्याचं. इथे कोणी पुरलं जावं, कोणी जाऊ नये. विकेल त्याला दंड, गहाण टाकील त्याला दंड. देवाला साक्षीदार केलाय, तोही दंडातला वाटा घेऊन. मेल्यावरसुद्धा तलाठी सुटला नाही यांना."

रूपाली म्हणाली, की ती भाषा अजून जिवंत आहे असे तिने ऐकले होते; शेजारची केरळची नर्स सांगत होती, तिच्या गावच्या चर्चमध्ये म्हाताऱ्या लोकांना त्याच वळणाच्या भाषेतली प्रार्थना पाठ आहे. चंद्रशेखर म्हणाले, रद्दीसुद्धा पुष्कळ दिवस टिकते.

सर्वपित्री अमावास्या शुक्रवारी आली. उघड्यावर तर्पण करायचे म्हटल्यावर वैभवने हात जोडले. कोणी पाहिले तर राहण्याचा परवाना, इकामा, जाईल, नोकरी जाईल, तुमच्या पितरांना मी इथून विमानाने नेऊ शकणार नाही, असे तो म्हणाला आणि सुटीचा दिवस म्हणून झोपून राहिला. चंद्रशेखरांनी रूपालीला गाठले. शुक्रवारी दुपारी सगळा मुलूख नमाजाला जातो, मदाइन सालेहला चिटपाखरू नसते. फिरायला जातो असे सांगून निघू. रूपालीला सासऱ्यांची भीती वाटे आणि थोडी कीवही. ती तयार झाली.

गाडी कंपनीची, चालवणारे हुसेनमियाँ. मूळचे श्रीवर्धनकडचे, पंचवीस-तीस वर्षे या वाळूत काढलेले, बोलणे मात्र अजून किनाऱ्यावरचे. वाटेत चंद्रशेखरांनी एका जुन्या विहिरीपाशी गाडी थांबवायला लावली. घरून आणलेले बाटलीतले पाणी त्यांना पितरांसाठी नको होते. विहिरीवर धनगरांचा पोहरा होता.

हुसेनमियाँ गाडीतून उतरले नाहीत. काच खाली करून ते म्हणाले, "काका, हिथला पानी नको घेव. हिथल्या जुन्या लोकांवर अल्लाचा कोप झालेला, आमच्यात ह्या पान्याला मनाई हाय. हिथून जायचा तर मान खाली घालून जायचा, रडत जायचा."

"रडायला कोण आहे आमचं इथे?" चंद्रशेखर म्हणाले आणि त्यांनी स्वतः पोहरा सोडला.

हुसेनमियाँनी त्यांना एका एकट्या उभ्या खडकापाशी सोडले. नमाज उरकून येतो, तोवर सावलीत बसा, आत जाऊ नका, असे रूपालीला बजावून ते गेले. गाडीचा आवाज विरल्यावर इतकी शांतता झाली, की रूपालीला स्वतःच्या अंगभर काळ्या अबायाची सळसळ मोठी वाटू लागली. समोर थडग्याचे दार होते, आत काळोख होता. दारावरच्या पट्टीत पाच ओळी कोरलेल्या होत्या.

चंद्रशेखरांनी सदरा काढला, जानवे उजव्या खांद्यावर घेतले, दक्षिणेकडे तोंड केले. थडग्याचे दार नेमके त्याच दिशेला होते. तीळ घातलेले पाणी अंगठ्याच्या मुळावरून वाळूत पडू लागले. केशव. अनंत. रामचंद्र. महादेव. बाळंभट. हरभट. विश्वंभर. एकेका नावाला तीन तीन ओंजळी. वाळू पाणी क्षणात पिऊन टाकत होती. ओल उरत नव्हती.

सगळे झाल्यावर तांब्यात थोडे पाणी राहिले. चंद्रशेखरांनी वर पाहिले आणि लेख मोठ्याने वाचला, मुलांना शुद्धलेखनाच्या चुका वाचून दाखवाव्यात तसा. हे थडगे तैमू बर मालिकू याने स्वतःसाठी केले; 'बर' म्हणजे मुलगा, त्यांनी सुनेला सांगितले. स्वतःसाठी, आपल्या मुलांसाठी आणि आपल्या भावाच्या मुलांसाठी. त्यांना येथून काढण्याचा अधिकार कोणालाही नाही, सदासर्वकाळ.

"दोन हजार वर्षांत कोणी थेंब दिला नसेल बिचाऱ्याला," ते म्हणाले. "देऊन टाकू. ब्राह्मणाच्या दारी भिकारी उभा राहिला तर हाकलत नाहीत."

"बाबा, नको," रूपाली म्हणाली. "आपलं कोणी नाही ते."

"गोत्र माहीत नसेल त्याला काश्यप म्हणायचं. शास्त्रात सोय आहे. नातं एक लावावं लागतं, तेवढं लावू." ते हसत होते. "काका म्हणू. पितृव्य. चल, तैमूकाका, पसर हात."

आणि त्यांनी काश्यप गोत्राच्या, तैमू नावाच्या आपल्या पितृव्याला तीन ओंजळी दिल्या.

या ओंजळींची ओल वाळूवर राहिली. रूपालीने ती पाहिली. हुसेनमियाँ परत आले तेव्हाही ती तशीच होती, आणि उन्हे चांगलीच तापलेली होती.

रमजान सुरू झाला. चंद्रशेखरांचे तर्पण रोजचे; ते स्वयंपाकघरामागच्या बंदिस्त अंगणात, मोरीपाशी करीत. दुसऱ्या दिवशी सातव्या नावाला ते थांबले. ओंजळ भरलेली, ओठ उघडे. मग ते म्हणाले, "असलह," आणि पाणी सोडले.

चहा घेताना ते सुनेला म्हणाले, की त्या दगडावरचा कचरा जिभेला चिकटला आहे. खापरपणजोबांच्याही पलीकडच्या पुरुषाचे नाव त्यांना संध्याकाळपर्यंत आठवले नाही. रूपालीला ते ऐकल्यासारखे वाटत होते, पण तिलाही सांगता येईना. त्यांनी आपण उतरवून आणलेला लेख पुन्हा वाचला. त्यात असलह हे नाव कुठेही नव्हते.

त्यानंतरच्या दिवशी सहावे नाव गेले. तिथे गर्मू आला.

चंद्रशेखर घाबरले असे म्हणता येणार नाही, ते संतापले. ज्यांना स्वतःचे थडगे वकिलाशिवाय बांधता आले नाही त्यांनी आपल्या घरात शिरावे, याचा त्यांना अपमान वाटला. संध्याकाळी वैभव कामावरून आला तसा त्यांनी त्याला समोर बसवला.

"मोबाईल बाजूला ठेव. मी सांगतो ती नावं म्हण. आजच."

"बाबा, तुम्ही दमलाय. डॉक्टरांकडे जाऊ या उद्या."

"म्हण."

त्यांनी आपल्यापाशी उरलेली पाच नावे सांगितली. केशव, अनंत, रामचंद्र, महादेव, बाळंभट. रूपाली दारात पोळ्यांचा डबा घेऊन उभी होती; तिने ती नीट ऐकली, पाचच होती. वैभवने ती म्हटली. चांगली, स्पष्ट, बापाच्याच चालीवर. आणि न थांबता पुढे म्हणाला, "गर्मू. असलह."

रूपालीने डबा खाली ठेवला.

"असं काय बघताय?" वैभव म्हणाला. "तुम्हीच सांगितलीत ना आत्ता."

चंद्रशेखर उठून आपल्या खोलीत गेले. त्या दिवसापासून त्यांनी मुलाला एकही नाव सांगितले नाही. जे आपल्या तोंडून त्याच्या कानात जाईल ते आता कोणाचे असेल, याची त्यांना खात्री राहिली नव्हती.

रूपालीने सुचवले, की उरली आहेत ती कागदावर तरी लिहून ठेवू. ते म्हणाले, "लिहिणाऱ्यांनीच तर ही गत केली." त्यांचा आवाज इतका खाली आला होता, की तिला पुन्हा विचारावे लागले. बाळंभटांच्या जागी वहबू आला. महादेवांच्या जागी हुरू, रामचंद्रांच्या जागी सादू. रोज एक. नवे नाव अडखळत येत नसे; लहानपणापासून म्हटलेले असावे तसे येई, आणि ते येताना चंद्रशेखरांना आतून बरे वाटे. तेच त्यांना सर्वांत किळसवाणे वाटत होते.

गुरुवारी आजोबांची पाळी आली. अनंत पाध्ये यांना त्यांनी पाहिले होते, त्यांच्या मांडीवर बसून पंचांग ऐकले होते. चेहरा आठवत होता, पगडी आठवत होती. ओंजळ भरली आणि तोंडून निघाले, "मालिकू."

पाणी तसेच धरून ते उभे राहिले. मग रूपालीकडे वळून, विद्यार्थ्याला उलगडा करून द्यावा तसे शांतपणे म्हणाले, "तैमू माझा काका. मग त्याचा बाप माझा आजोबा. बरोबर आहे. मीच सांगितलं तसं त्यांना. भावाच्या मुलांना जागा आहे तिथे."

"बाबा, तुम्ही चेष्टेत म्हणालात."

"पाणी चेष्टेत सोडत नाहीत."

आता एकच नाव राहिले होते, केशव. त्यांच्या स्वतःच्या वडिलांचे. ते जाण्याआधी दिलेले परत मागायचे, असे त्यांनी ठरवले. पाणी परत घेण्याचा विधी त्यांना माहीत नव्हता, कारण तो नाहीच. शुक्रवारी त्यांनी पुन्हा रूपालीला बरोबर घेतले. हुसेनमियाँनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, की आज मी नमाज हिथंच, गाडीजवळ पढतो. त्यांनी खडकापासून बऱ्याच अंतरावर गाडी उभी केली आणि सतरंजी पसरली.

दुपार पांढरी झाली होती. वारा नव्हता. चंद्रशेखर अनवाणी, जानवे उजव्या खांद्यावर, दारापासून थोडे दूर उभे राहिले. त्यांनी संस्कृतात विनंती केली. मग अरमाइकमध्ये केली. रूपालीने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढे वाकलेले पाहिले.

आतून पाण्याचा आवाज आला.

ओंजळीतून सुटावे तसा. एकदा. दोनदा. तीनदा. मग मधे थोडी शांतता, आणि मग शब्द.

"विश्वंभर," आत कोणीतरी म्हणाले.

रूपालीने चंद्रशेखरांचा हात धरला.

"हरभट बर विश्वंभर." पाणी, तीनदा. "बाळंभट बर हरभट."

आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. उच्चार स्वच्छ होते. त्यात घाई नव्हती, चेष्टा नव्हती; जबाबदारीने एकेक नाव उचलून, पाणी पाजून, पुन्हा जागेवर ठेवावे तसा तो बोलत होता. हरवलेले सगळे आत होते. त्यांची कोणी हेळसांड केलेली नव्हती.

चंद्रशेखरांचे ओठ त्या नावांबरोबर हलत होते. नाव उच्चारून होई आणि ओठांवरून पुसले जाई. रूपालीलाही ते धरून ठेवता येईना.

"अनंत बर रामचंद्र."

"केशव बर अनंत."

चंद्रशेखरांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. शेवटचे नावही गेले होते.

पाणी पडले, तीनदा. आत क्षणभर थांबले, दम घ्यायला थांबावे तसे.

"चंद्रशेखर बर केशव."

"बाबा, चला," रूपाली म्हणाली. "गाडीकडे चला."

ते हलले नाहीत. पाणी पडत होते. एकदा. दोनदा. तिसऱ्या ओंजळीनंतर आतल्या आवाजाने पुढचे अक्षर उचलले.

"वै—"

"थांबा," चंद्रशेखर म्हणाले. "मी येतो."

त्यांनी सुनेचा हात सोडवला. वैभवला या जागेपासून दूर ने, एवढेच तिला सांगितले. मग दाराकडे चालत गेले आणि खाली वाकून आत शिरले.

आतला आवाज थांबला.

रूपाली किती वेळ उभी होती ते तिला सांगता येत नाही. हाक मारायला तिने तोंड उघडले, पण तिथे नाव घ्यायचा तिला धीर झाला नाही. लांबून हुसेनमियाँ धावत येताना दिसले. ते पोचायच्या आत चंद्रशेखर आपले आपण बाहेर आले. हनुवटी ओली होती, छातीवर पाणी ओघळलेले होते. तिच्याकडे पाहून ते मंद हसले. तसे हसू तिने त्यांच्या तोंडावर कधी पाहिले नव्हते.

वैभवने महिन्याभरात दम्मामला बदली मागून घेतली. का, हे त्याला रूपालीने पुरते सांगितले नाही. वडिलांची तब्येत तिकडच्या हवेत बिघडली, एवढे त्याने मानले. तो नावांविषयी पुन्हा काही बोलला नाही. आजोबांचे नाव काय, असे दम्मामच्या एका शेजाऱ्याने सहज विचारले तेव्हा त्याने हसून विषय बदलला.

चंद्रशेखर सांगलीला परतले आणि अजून आहेत. लोक म्हणतात, सर फार निवळले. कोणाची निंदा नाही, कुत्सित शब्द नाही. भाजीवाल्याशीही आदराने बोलतात. विद्यार्थी भेटायला येतात आणि कृतार्थ होऊन जातात. घरच्यांना मात्र हे निवळणे सोसत नाही. रूपाली सुटीत आली की त्यांच्याशी नजर टाळून बोलते.

तर्पण त्यांनी सोडले आहे. स्वयंपाकाला येणारी पारू सांगते, की भर दुपारी सर मागच्या पडवीत, दाराकडे पाठ करून, उत्तरेला तोंड करून बसतात. जवळ तांब्या नसतो, भांडे नसते. दोन्ही हात ते पुढे करतात, देणाऱ्यासारखे नव्हे, घेणाऱ्यासारखे, आणि वाट पाहतात. मग ओंजळ तोंडाला लावतात. असे तीनदा. उठतात तेव्हा पारू त्यांना पंचा नेऊन देते, कारण मिशा भिजलेल्या असतात. पहिल्या दिवशी तिने फरशी पुसायला फडके घेतले होते. फरशीवर एक थेंबही सांडलेला नव्हता.

जे देत आहेत त्यांचे हात थकू नयेत. जो घेतो आहे त्याची तहान शांत होवो. आणि ज्याचे नाव अर्ध्यावर थांबले, त्याला दीर्घ आयुष्य लाभो.